रुमालाखालची बोट

विजय नगरमध्ये आमच्या मजल्यावरचा शेजारचा फ्लॅट विकायला काढला आहे. दलाल रोज कोणाला तरी घेऊन येतो आणि माझं दार उघडं असलं की त्याचं सगळं बोलणं मला ऐकू येतं. हे कपाट भिंतीतलं आहे, ही खिडकी पूर्वेकडे उघडते, ह्या ओट्याखाली सिलिंडर मावतं. आत अजून माणसं राहतायत. एक मुलगी कोपऱ्यात टेबलाशी पाठमोरी बसलेली असते आणि दलाल तिच्या डोक्यावरून हात लांब करून भिंतीवरची फळी ठोकून दाखवतो. मुलगी वर बघत नाही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकाला जाते आणि मी उठून दार लावून घेते.

कारण मीही एकदा अशीच विक्रीला काढलेल्या जागेत बसले होते. ती जागा फ्लॅट नव्हती, बोट होती. शिडाची, खाली राहायला केबिन असलेली बोट, आणि तीही इंदुरात. समुद्र कुठे आणि आम्ही कुठे. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांनी खुशाल हसावं, पण पुढचंही ऐकावं.

माझे वडील एका सरदारांकडे कामदार, म्हणजे कारभारी, होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. त्या घराण्याच्या पदरी आमची तिसरी पिढी. पणजोबा शिपाई म्हणून मालव्यात आले, आजोबांनी तलवार ठेवून दौत घेतली, आणि आबांपर्यंत येताना आमच्या घराण्यात फक्त वाकणं शिल्लक राहिलं होतं. हे मी रागाने लिहिते आहे, पण खोटं लिहीत नाही. आबा सरकारांसमोर वाकत, सरकारांच्या रिकाम्या खुर्चीसमोरून जातानाही थोडे वाकत.

थोरल्या सरकारांनी तरुणपणी मुंबईला कोणा इंग्रजाची बोट पाहिली आणि तशीच एक विकत घेतली. ती रेल्वेच्या उघड्या डब्यातून इंदूरला आली. शहराबाहेरच्या मोठ्या तलावावर काही हिवाळे पाहुण्यांना घेऊन फिरली. त्या प्रत्येक सहलीला आबा असत, पण काठावर. डबे, सुरया, सतरंज्या बोटीत चढवायच्या आणि मग छत्री घेऊन काठावर उभं राहायचं, शीड परत दिसेपर्यंत. ते एकदाही बोटीने पाण्यावर गेले नाहीत. कोणी या म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी आबांनी नम्रपणे नकारच दिला असता.

मग संस्थानं गेली. तलावावरचं बोटघर सरकारी खात्याकडे गेलं आणि बोट तिथून हलवावी लागली. बैलगाड्या जोडून ती बडा गणपतीच्या देवळामागे सरदारांच्या बंगल्यावर आणली. बग्घीखान्यातल्या बग्घ्या तोवर विकल्या गेल्या होत्या. दाराच्या बाजूची भिंत पाडून बोट आत घेतली, खाली सागाचे ठोकळे दिले, दोन्ही बाजूंनी टेकू लावले आणि भिंत पुन्हा बांधून टाकली. डोलकाठी तेवढी आत मावेना. ती बाहेर भिंतीला आडवी टांगली आणि माझी आई तिच्यावर कपडे वाळत घालू लागली. त्या डोलकाठीचा खरा उपयोग मी तेवढाच पाहिला.

बग्घीखान्याच्या मागे आमच्या दोन खोल्या होत्या. त्यांत आई, आबा, विधवा आत्या, माझे भाऊ आणि मी. एका खोलीत चूल, दुसऱ्या खोलीत बाकी सगळं. त्या दुसऱ्या खोलीत भिंतीला एकच कोनाडा होता आणि त्यात आबांच्या पगडीची पेटी. दरबार राहिला नव्हता, पगडी घालायची वेळ वर्षातून दसऱ्यालाच येई, पण तो कोनाडा पगडीचा. माझं दप्तर खुंटीला, भावांच्या सदऱ्यांखाली. पुस्तक काढायचं तर आधी सदरे काढा. वाचायला बसावं तर आत्या म्हणणार, जरा सरक, मला पाय पसरायचेत. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आमच्या घरातली कोणतीही मुलगी तिथवर गेली नव्हती आणि मी पुढे जाईन असं शाळेतल्या बाईंशिवाय कोणाला वाटत नव्हतं.

एक दिवस थोरले सरकार काठी टेकत बग्घीखान्यात आले. आजारी होते, फार दिवस राहिले नाहीत. मी टेकूला पाठ लावून जमिनीवर बसून गणितं सोडवत होते. त्यांनी पाहिलं आणि आबांना म्हणाले, "पोरीला वर बोटीत बसू दे. तिथं दार आहे." आबांनी मुजरा केला. एवढंच झालं. कोणी साक्षीला नाही. पण मला बोट मिळाली.

आता ती कशी होती ते सांगते, कारण तितक्या बारकाईने ती कोणी पाहिलीच नाही. मागच्या बाजूने शिडी लावून चढायचं. वर आलं की उघडी बैठक, समोरासमोर दोन बाकं, बाकांची फळी उचलली की खाली दोरखंडांचे कप्पे. मध्ये सुकाणूचा दांडा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला. तिथून छोट्या पायऱ्या उतरून खाली केबिनमध्ये. उतरताना वरचं झाकण पुढे ओढून घ्यायचं आणि पितळी कडी लावायची. ती कडी आतून लागे. आमच्या खोल्यांना आतून कडी होती, पण दिवसा ती लावलेली कोणी खपवून घेतलं नसतं. इथे मी कडी लावली की मी आत आणि सगळं जग बाहेर.

उतरल्याबरोबर डाव्या हाताला स्वयंपाकाची जागा. स्टोव्ह दोन खिळ्यांवर असा टांगलेला की बोट कलली तरी तो सरळ राहावा. बोट काही कलत नव्हती, पण मी बोटाने ढकलून तो झुलवत बसे. त्याच्या शेजारी ताटलीएवढं एक बेसिन आणि हाताने दाबायचा पंप. उजव्या हाताला नकाशे पसरायचं टेबल. त्याचं झाकण उचललं की आत उथळ खण. तलावावर फिरायला नकाशा कशाला लागतो हे सरकारांनाच ठाऊक. तो खण माझ्या वह्यांचा झाला आणि ते टेबल माझं. आयुष्यात मला मिळालेलं पहिलं टेबल, आणि ते माझं नव्हतं.

पुढे दोन लांब बाकं, गाद्यांची. मध्ये दोन्ही बाजूंच्या फळ्या खाली दुमडता येतील असं टेबल, कारण त्याच्याच खाली बोटीच्या तळाची लोखंडी पात वर ओढून घ्यायची पेटी होती. भिंतींना फळ्या आणि प्रत्येक फळीच्या काठाला बोटभर उंचीची पट्टी, म्हणजे लाटांनी बोट हलली तरी ठेवलेलं पडणार नाही. हे मला फार आवडायचं. ज्याने ते केलं त्याने ठेवलेल्या वस्तूचा विचार केला होता. त्याच्यापुढे अरुंद दाराआड शौचाची खोली, तीही पंपाची. खायच्या जागेपासून हातभर अंतरावर शौचकूप आहे हे कळल्यावर आत्याने त्या बोटीला कधी हात लावला नाही, आणि त्याबद्दल मी त्या शौचकूपाची आजन्म ऋणी आहे. सगळ्यात पुढे, बोट निमुळती होते तिथे, तिकोनी बिछाना. झोपलं की पाय अडचणीत. डोक्यावर वारा घ्यायचं झाकण, पण त्यातून आकाश दिसत नसे, बग्घीखान्याचे पत्रे दिसत.

केबिनमध्ये मी सरळ उभी राहू शकत असे. आबा नाही, त्यांची उंची आड येई. ते कधी आलेच तर मान खाली घालून उभे राहत, आणि मला वाटतं त्यांना तिथे घरच्यासारखं वाटत असावं.

मी तिथे अभ्यास केला, तिथे झोपले. शाळेतल्या बाईंनी मला त्यांचं बीजगणिताचं पुस्तक सुट्टीपुरतं दिलं होतं. ते विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती, म्हणून मी ते सबंध एका जाड वहीत उतरवून घेतलं, समासात बाईंनी सांगितलेल्या युक्त्यांसकट. ती वही नकाशांच्या खणात असे. माझी परीक्षा त्या वहीत होती असं म्हटलं तरी चालेल.

थोरले सरकार गेले. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे कचेऱ्या गेल्या, आणि धाकट्या सरकारांनीही भोपाळला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. बंगल्यातल्या वस्तू एकेक करून निघू लागल्या. झुंबरं गेली, शिकारीची मुंडकी गेली, आणि एके दिवशी आबा घरी येऊन म्हणाले की बोटीला गिऱ्हाईक पाहायचं आहे. मी विचारलं, माझं काय? आबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते हात-पाय धुवायला गेले.

आईने समजूत काढली. गिऱ्हाईक काय लगेच मिळतंय, तोवर तुझी परीक्षा होऊन जाईल. धाकट्या सरकारांना सांगा ना, मी आबांना म्हणाले, थोरल्यांनी दिलंय म्हणून सांगा, परीक्षेपर्यंत थांबतील ते. ते थांबले असते. धाकटे सरकार वाईट माणूस नव्हते. त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये म्हणून माझे वडील जिवाचं रान करत होते. कामदाराची मुलगी सरकारांच्या बोटीत झोपते हे धाकट्यांना कळणं म्हणजे आबांच्या लेखी आभाळ कोसळणं. थोरल्यांचा शब्द होता, पण तो आठवण करून देणंसुद्धा अदबीत बसत नव्हतं. दिलेल्या वस्तूची आठवण देणाऱ्याला द्यायची नाही, ही आमच्याकडची रीत. तो गेला असेल तर त्याच्या मुलाला तर नाहीच नाही.

रीती आमच्याकडे पुष्कळ होत्या. दरबारात पाहुण्यापुढे नजराण्याचं ताट येई, ते नेहमी रुमालाने झाकलेलं. कामदाराने दोन्ही हातांनी रुमाल उचलायचा. एकदा रुमाल उचलला की ताटातलं काही काढायचं नाही, बदलायचं नाही. चुकून भलती वस्तू ताटात राहिली तरी ती पाहुण्याची. आजोबांच्या काळात कोणाची चांदीची डबी अशी ताटात राहिली आणि गेली, आणि ती परत मागितली नाही ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने सांगत. मी लहानपणी ती अभिमानानेच ऐकत असे. डबी कोणाची होती, त्या माणसाला काय वाटलं, हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तर आबांनी बोट विकायची ती अशी. गिऱ्हाईक यायच्या दिवशी मला सांगितलं की आत झाडून पुसून ठेव, दिवा लाव, वस्तू बेवारशी पडल्यासारखी दिसता कामा नये. मी झाडलं, पितळ चिंचेने घासलं, गाद्यांवर आईचा धुतलेला पलंगपोस घातला. पुस्तकं फळीवर नीट उभी केली. कंदील घेऊन पायऱ्यांच्या खाली मी उभी, कारण खाली अंधार असे. आणि वर झाकणाच्या तोंडावर आबांनी पेटीतला जुना जरीकाठी रुमाल पसरला. गिऱ्हाईक बैठकीत येऊन उभं राहिलं की त्यांनी दोन्ही हातांनी रुमाल उचलायचा. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी खालून तो लाल रुमाल वर जाताना पाही, त्याच्यामागून आबांचा चेहरा दिसे, आणि तो चेहरा इतका गंभीर असे की हसण्याची सोय नव्हती.

पहिले आले ते महूच्या छावणीतले एक निवृत्त अधिकारी, बायकोसह. त्यांना बोटीतलं कळत होतं. तळ कुजलाय का, म्हणून त्यांनी लाकूड ठोकून बघायला हातातली छडी उचलली, तर आबा अदबीने म्हणाले की सरकारांच्या वस्तूला ठोकून पाहत नाहीत. साहेबांनी छडी खाली घेतली आणि थोड्या वेळाने बोटीवरून पायही खाली घेतला. न ठोकता बोट कोण घेणार? मी मनातून आनंदले. आबांची अदब अशीच चालू राहिली तर परीक्षाच काय, माझं कॉलेजही बोटीत होईल असं मला वाटू लागलं.

मग सियागंज बाजारातले एक सेठ आले. किराण्याचा ठोक व्यापार. त्यांनी काहीच ठोकलं नाही. धाकटे सरकार त्या दिवशी मुद्दाम खाली आले होते आणि शिडीशी उभे होते. रुमाल उचलला गेला. सेठजी बेताने पायऱ्या उतरले, कंदिलाच्या उजेडात त्यांनी मला पाहिलं, मान हलवली, फळ्यांच्या पट्टीवरून बोट फिरवलं, गाद्या दाबल्या, नकाशांचं टेबल उघडून बंद केलं. पंप दाबून पाहिला आणि खुश झाले. वरून आबा एकेक गोष्ट सांगत होते. बिछाने किती, कप्पे कुठे, शिडं गुंडाळून कुठे ठेवलीत. सगळं बरोबर सांगत होते. जी माणसं आत बसली नाहीत तीच जागेची इतकी बिनचूक माहिती देऊ शकतात. मग मला चहा सांगायला घरी पाठवलं. चहा घेऊन आले तेव्हा सौदा झालेला होता.

संध्याकाळी मी वह्या-पुस्तकं आणायला निघाले तर शिडी काढून ठेवलेली. आबा दारात बसले होते. म्हणाले, "आता हात लावायचा नाही. रुमाल उचलला गेलाय." मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हणाले, आबा, माझ्या वह्या आहेत त्यात. ते म्हणाले, सेठजींनी पाहिल्यात, आता त्या बोटीबरोबर. पुस्तकं नवी घेऊ. आणि वही, मी विचारलं, वही कुठल्या दुकानात मिळते? आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. माझ्या आणि परीक्षेच्या मध्ये काही आठवडे उरले होते, बाईंचं पुस्तक बाईंनी दुसऱ्या मुलीला दिलेलं होतं, आणि माझ्या घरातली सगळी मोठी माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर बग्घीखान्याची भिंत पुन्हा पाडलेली. बोट गेलेली. जमिनीवर ठोकळ्यांचे चौकोनी डाग आणि तेलाचा वास. डोलकाठीही नेली होती, आईचे कपडे ओल्या ढिगाने ओट्यावर पडले होते. मी त्या रिकाम्या जागेत उभी राहून मोठ्याने रडले. दुःखाने नाही. राग इतका अनावर झाला की त्याला दुसरी वाट सापडेना.

दोन-तीन दिवस मी आबांशी बोलले नाही आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण आमच्याकडे मुली तशाही कमीच बोलत. मग एका दुपारी शाळा सुटल्यावर मी सरळ सियागंजला गेले. एकटी. हातगाड्या, हमाल, पोती, मिरचीचा ठसका, आणि मी परकर-पोलक्यातली मुलगी सेठजींचं दुकान विचारत फिरते आहे. मनात ठरवून गेले होते की पाया पडायची वेळ आली तर पडायचं. सेठजी गादीवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं. मी एका दमात सांगितलं की बोटीत माझ्या वह्या राहिल्यात, परीक्षा आहे, कृपा करून द्या.

सेठजींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "अरे बेटी, मैंने तो उसी दिन पूछा था. मैंने कहा, कामदारसाब, ये किताबें किसकी हैं, बिटिया की हों तो निकलवा लो. वो बोले, किसी की नहीं हैं, सेठजी. यहाँ कोई नहीं रहता."

मी त्यांना पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले. धाकटे सरकार तिथेच उभे होते, हेही म्हणाले. म्हणजे मी चहा आणायला गेले होते तेवढ्या वेळात हे झालं होतं. कोणी मागितल्याशिवाय, कोणी भीड घातल्याशिवाय, एका परक्या व्यापाऱ्याने माझी वही माझ्या बापाच्या हातात ठेवली होती, आणि बापाने ती परत केली होती. कोणाची नाहीत. इथे कोणी राहत नाही. मी इतकी वर्षं शिकवलं, निवृत्त झाले, रागाच्या पुष्कळ जागा पाहिल्या. पण तसा राग मला पुन्हा कधी आला नाही. रीत पाळायची म्हणून वह्या जाऊ देणं एक वेळ मी समजू शकत होते. हे वेगळं होतं.

सेठजींनी मला मागच्या गोदामाच्या अंगणात नेलं. बोट तिथे भिंतीशी उभी होती, वर ताडपत्री. त्यांनी ती मिरच्या ठेवायला घेतली होती. लाकूड इतकं घट्ट की पावसाची ओल आत येत नाही, म्हणून. मी शिडीने चढले, झाकण सारलं आणि खाली उतरले. बाकांवर पोती, तिकोनी बिछान्यावर पोती, शौचकूपाच्या दारात पोती. डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहू लागलं. नकाशांचं टेबल एका पोत्याखाली होतं. मी खांदा लावून ते पोतं ढकललं आणि खण उघडला. वही होती. फळीवरची पुस्तकंही तशीच उभी होती. एवढा खडखडाट करत ती बोट बडा गणपतीहून सियागंजपर्यंत आली, पण त्या बोटभर पट्टीने एकही पुस्तक पडू दिलं नव्हतं. सेठजी वरून विचारत होते, सब मिल गया? मी शिंकत शिंकत हो म्हणाले.

घरी आले तेव्हा आबा नुकतेच बंगल्यावरून आले होते आणि कोट खुंटीला लावत होते. माझ्या हातातलं ओझं पाहून थांबले. त्यांनी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं की सेठजींकडून आणलं, सेठजींनी आनंदाने दिलं. आबांचा चेहरा पांढरा पडला. तू तिथे गेलीस, ते म्हणाले. दुकानावर गेलीस, मागितलंस. उद्या धाकट्या सरकारांच्या कानावर गेलं तर मी काय तोंड दाखवू? हे आत्ताच्या आत्ता परत देऊन ये. दिलेलं परत आणणारं घराणं नाही आपलं.

आई मध्ये पडली. "अगं, तू काय करून राहिलीस हे? का झंझट वाढवते? दे ना परत, मी तुला दुसरी वही शिवून देईन." आई वाईट नव्हती. तिला वाटलं वही म्हणजे कागद.

मी वह्या छातीशी धरून तशीच उभी राहिले. मिरचीने डोळे चुरचुरत होते आणि आवाज चढवायची मला सवय नव्हती, म्हणून मी हळूच बोलले.

"देते परत. पण रीतीने द्यायचं तर सगळं द्यायला पाहिजे, आबा. तुम्ही रुमाल उचलला तेव्हा खाली पुस्तकं होती, गाद्या होत्या, आईचा पलंगपोस होता, आणि कंदील धरून मीही होते. सेठजींनी मलाही पाहिलं. एकदा रुमाल उचलला की ताटातलं काही काढायचं नाही ना? मग मला पण सियागंजला पोचवून या. तसंही इथे कोणी राहत नाही."

आत्याने पाय जवळ घेतले. शेवटचं वाक्य मी कुठून आणलं ते आबांना कळलं, हे मला त्यांच्या मानेवरून दिसलं. ती मान सरकारांसमोर खाली जाई तशी गेली नाही. तुटल्यासारखी गेली. मला त्यांची दया आली असं मी लिहू शकते, पण तेव्हा नाही आली. मला आणखी बोलायचं होतं आणि मी बोलणार होते.

आबा वळले. कोनाड्यातली पगडीची पेटी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, क्षणभर ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. मग त्यांनी ती जमिनीवर ठेवली, खुंटीखाली, जिथे आमच्या चपला असत. धोतराच्या सोग्याने कोनाडा पुसला. आणि पुन्हा बंगल्यावर निघून गेले.

मी त्या कोनाड्यात वह्या ठेवल्या. मॅट्रिक झाले, पुढचंही झालं. आबा त्यावर कधी काही बोलले नाहीत, माफी नाही, रागही नाही, आणि मी वाट पाहत राहिले. त्यांच्या शेवटच्या वर्षांत ते माझ्याकडेच होते, माझ्या घरात. शिरगणतीचा माणूस आला तेव्हा मी आत होते आणि दार त्यांनी उघडलं. इथे कोण राहतं, असं त्याने विचारलं. मी आतून कान टवकारले. आबांनी माझं नाव सांगितलं. फक्त माझं. त्यांचं सांगायला मला बाहेर जावं लागलं.